पट्टीवर जायचं नाही

सकाळी साडेपाचला क्रू रूमच्या पडद्यावर माझ्या नावाखाली तिचं नाव दिसलं आणि माझा दिवस तिथेच नासला. मी पर्सर, म्हणजे विमानाच्या केबिनमधली मुकादम. पुढचा डावा दरवाजा माझा, पुढचा उजवा तिचा. मध्ये जेमतेम चार पावलांची जागा. दिवसाला चार उड्डाणं. म्हणजे दुपारी चारपर्यंत माझ्या भावाच्या सोडून गेलेल्या बायकोशेजारी उभं राहून मला दात दाखवायचे होते.

आमच्या कंपनीचं एक परिपत्रक आहे. उड्डाणाआधी क्रूने एकमेकांना "सुप्रभात, आज आपल्यासोबत काम करायला आनंद होईल" असं म्हणायचं आणि संपल्यावर "आपल्यासोबत काम करून आनंद झाला" असं म्हणायचं. ज्या कुणी हे काढलं त्याला नणंद-भावजय हा प्रकार ठाऊक नसावा.

"सुप्रभात, मॅडम. आज आपल्यासोबत काम करायला आनंद होईल," ती म्हणाली. पूर्वी मला ताई म्हणायची.

"सुप्रभात. मलाही," मी म्हणाले. पूर्वी मी तिला वहिनी म्हणायचे, आणि अगं-तुगं करायचे.

आमच्या धंद्यात भांडता येत नाही. भांडायला लागणारे शब्दच आमच्याकडून काढून घेतलेले असतात. जे उरतात त्यांच्यातच सगळं बसवावं लागतं. "आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत" म्हणजे तुमचं काय व्हायचं ते होवो. "एक मिनिट हं, मी बघून सांगते" म्हणजे मी परत येणार नाही. "कृपया" जितका लांब ओढला तितका माणूस डोक्यात गेलेला असतो. अठरा वर्षांत मला या वाक्यांनी कुणालाही ओरबाडता येऊ लागलं आहे, आणि तक्रारवहीत माझ्याविरुद्ध एक ओळ नाही.

तिलाही मीच शिकवलं. लग्न होऊन घरात आली तेव्हा ती एका दुकानात हिशेब लिहायची आणि रडकुंडीला आलेली असायची. मी म्हणाले, आमच्याकडे भरती आहे, ये. दादाच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्ही महिनाभर तयारी केली. दोन खुर्च्या म्हणजे दोन दरवाजे, मधली फरशी म्हणजे केबिन. "स्वागत आहे." नको, हनुवटी वर नको. "स्वागत आहे." हां, आता डोळ्यांत बघ. पुढे माझी भाची झाली, चालायला लागली, आणि आईचं बघून बघून तीही शिकली. जेवायला बसलं की या छोट्या बाई ताट घेऊन सगळ्यांमधून फिरायच्या आणि बजावायच्या, "कृपया बेल्ट बांधून ठेवा." आम्ही हसून हसून बेजार व्हायचो.

दरवाजाही मी तिला त्या टेबलापाशीच शिकवला. विमानाच्या दाराखाली एक दांडी असते. उड्डाणाआधी ती जमिनीतल्या कड्यांत अडकवायची. मग दार आतून उघडलं की फुगणारी घसरगुंडी आपोआप बाहेर पडते, आग लागली तर माणसं तिच्यावरून उतरतात. याला आम्ही आर्म करणं म्हणतो. विमान उतरलं की दांडी काढून वर ठेवायची, म्हणजे डिसआर्म. दाराच्या खिडकीवर एक लाल पट्टी असते, ती आर्म असताना आडवी लावायची आणि एरवी बाजूला करायची. पट्टी ही नुसती खूण. मग समोरच्याने येऊन दुसऱ्याचं दार तपासायचं, तो क्रॉसचेक. "पट्टीवर जायचं नाही," मी तिला सांगितलं होतं. "पट्टी कुणीही हलवतं. वाकायचं आणि खाली दांडी बघायची. माझं दार असलं तरी."

ती तेव्हा वहीत लिहून घ्यायची.

पुढे दोघांचं बिनसलं. दादा मनात ठेवणारा, ती तोंडावर बोलणारी. घटस्फोट झाला, पण मुलीचा निकाल राहिला होता. भाची आता सहा वर्षांची आहे, आईकडे राहते आणि एक रविवार सोडून एका रविवारी दादाकडे येते. दादाला ती कायमची हवी होती. गुरुवारी कोर्टात तारीख होती आणि साक्षीदार मी होते.

माझ्या साक्षीचा मजकूर वकिलाने लिहून ठेवला होता. 'सदर महिला घरी व कामावर निष्काळजीपणे वागते हे मी स्वतः पाहिले आहे.' दोन वर्षांपूर्वी भाचीच्या डाव्या हातावर उकळतं दूध सांडलं होतं. मनगटापासून कोपरापर्यंत. दादाने सांगितलं, ती ड्यूटीवर निघायच्या घाईत पातेलं ओट्याच्या काठावर ठेवून गेली, पोरीने ओढलं. दुपारचे अडीच वाजले होते. मी धावत दवाखान्यात गेले. ती उगवली संध्याकाळी सहाला, युनिफॉर्ममध्ये, लिपस्टिकसुद्धा जागच्या जागी. ती लिपस्टिक मी तिला कधी माफ केली नाही.

रविवारी दादा म्हणाला होता, "घरचं झालं. कामावरचं एखादं ठोस मिळालं तर बरं, असं वकील म्हणतात. तू तिच्याबरोबर उडतेस ना कधी? नजर ठेव." आणि आज देवाने ताटच वाढून ठेवलं होतं. मी खिशात छोटी वही घेतली.

पहिल्या उड्डाणात मी लिहिलं: पाण्याचा ग्लास ट्रेशिवाय दिला. दुसऱ्यात लिहिलं: नवव्या रांगेतल्या आजोबांशी गरजेपेक्षा जास्त बोलली. हे लिहिताना माझं मलाच हसू यायला हवं होतं, पण मी मनापासून लिहीत होते. तिचं दार तर मी डोळ्यांत तेल घालून बघत होते. दर वेळी दांडी जिथे हवी तिथे. दर वेळी ती माझ्या बाजूला यायची, गुडघे वाकवून माझी दांडी बघायची, आणि सरळ होऊन अंगठा दाखवायची. "क्रॉसचेक झालं, मॅडम." ते वाकणं माझ्या नाकाला झोंबायचं. अठरा वर्षं नोकरी झालेल्या पर्सरचं दार ही आठ वर्षांच्या नोकरीची पोरगी वाकून बघते, जसं काही मी तिच्या हाताखाली शिकते आहे.

"इतकं वाकायची गरज नाही," मी दुसऱ्या लँडिंगनंतर म्हणाले. "पट्टी दिसते आहे."

"हो, मॅडम," ती म्हणाली. पुढच्या वेळी पुन्हा वाकली.

तिसऱ्या उड्डाणात कॉफी वाटून झाल्यावर आम्ही दोघी पुढच्या ओट्याशी उभ्या होतो. मागचे दोघे क्रू मागे होते. पडदा ओढलेला होता. तिने कप पुसता पुसता विचारलं.

"गुरुवारी तुम्ही येणार आहात असं कळलं."

"हो."

"काय सांगणार?"

"जे आहे ते."

"तुम्ही पाहिलंत?"

"दादाने पाहिलं."

"मी तुमच्या दादांचं विचारत नाहीये. तुम्ही पाहिलंत का?"

"पोरीचा हात पाहिला मी. तुम्ही यायच्या आधी तीन तास पाहत बसले होते."

ती काही बोलणार होती, तेवढ्यात वर दिवा लागला, सातव्या रांगेतून कुणीतरी बोलावलं होतं. तिने चेहरा बदलला. मी बघत होते, एका क्षणात बदलला. पडदा सारून ती बाहेर गेली. "बोला सर, आपली काय सेवा करू?" तिचा आवाज इतका गोड होता की माझा तिळपापड झाला.

परत आली तेव्हा हळू आवाजात म्हणाली, "मी तुम्हाला मेसेज केला होता. वर्ष झालं. ताई, दूध सांडलं त्या तारखेचा रोस्टर एकदा बघाल का, मी किती ते किती ड्यूटीवर होते ते, म्हणून. जुना रोस्टर फक्त पर्सरना आणि वरच्यांना दिसतो. मी ऑफिसात अर्ज केलाय, त्यावर अजून कुणी काही कळवलेलं नाही."

मला तो मेसेज आठवत होता. मी दिलेलं उत्तरही आठवत होतं. मी लिहिलं होतं, 'आपली विनंती संबंधित विभागाकडे पाठवण्यात आली आहे. आपल्या सहकार्याबद्दल धन्यवाद.' लिहून झाल्यावर दादाला वाचून दाखवलं होतं. दादा हसला होता, मग मीही.

"आपण कामावर आहोत," मी म्हणाले.

"दिलगीर आहे, मॅडम," ती म्हणाली, आणि कप कपाटात लावू लागली. त्या दोन शब्दांत तिने मला काय काय ऐकवलं ते मला नीट कळलं, कारण ती विद्या माझीच होती.

चौथं उड्डाण शेवटचं. वहीत दोनच ओळी होत्या आणि त्या कोर्टात वाचल्या असत्या तर न्यायाधीशांनी मलाच बाहेर काढलं असतं. दात-ओठ खात मी लँडिंगच्या जागेवर बसले. विमान उतरलं, वळलं, थांबलं. बेल्टची खूण विझायच्या आधीच तिसऱ्या रांगेतला एक इसम उठून वरचं कपाट उघडायला लागला.

"कृपया बसून घ्या," मी म्हणाले. तो बसला नाही. "कृ-प-या," मी म्हणाले. तो बसला.

मी इंटरकॉम उचलला. "केबिन क्रू, दरवाजे डिसआर्म करा आणि क्रॉसचेक करा." माझा हात माझ्या दाराकडे गेला, पण डोळे तिच्या दाराकडे होते. आता तरी चूक, मी मनात म्हणत होते. एकदाच चूक. तिने पट्टी बाजूला केली, वाकली, दांडी काढली, वर अडकवली, हाताने ओढून पाहिली. सगळं जिथल्या तिथे. मला इतका राग आला की माझ्या तोंडून "क्रॉसचेक झालं" हे फटकन निघालं, थुंकल्यासारखं. बाहेर शिडी येऊन लागली होती. शिडीवाल्याने दारावर दोनदा थाप मारली. खिडकीतून मला त्याची टोपी दिसत होती, दाराला नाक लावून उभा होता. माझी पट्टी बाजूला होती. मी दाराच्या मुठीवर हात ठेवला.

"थांबा."

तिचा पंजा माझ्या मनगटावर होता. घट्ट. तिने दुसऱ्या हाताने खाली बोट केलं.

दांडी कड्यांत होती. मी पट्टी काढली होती आणि वाकलेच नव्हते.

मी मूठ फिरवली असती तर पाच-सहा सेकंदांत ती घसरगुंडी बाहेर फुगली असती आणि शिडीवाल्याला कठड्यावरून उडवून खाली सिमेंटवर घेऊन गेली असती. तो पुन्हा थाप मारत होता. त्याला वाटलं असेल आत बायका गप्पा मारताहेत. तिने मला बाजूला सारलं नाही, आवाज चढवला नाही. माझ्या शेजारी खाली बसून तिने दांडी काढली, वर अडकवली, ओढून पाहिली, उभी राहिली आणि अंगठा दाखवला.

"क्रॉसचेक झालं, मॅडम," ती म्हणाली. मग मी दार उघडलं. शिडीवाला म्हणाला, "झोपलात काय?"

त्यानंतर एकशे साठ-सत्तर माणसं आमच्या दोघींसमोरून उतरली. "धन्यवाद." "पुन्हा भेटू." "काळजी घ्या." "आपला दिवस शुभ असो." ती एका बाजूला, मी एका बाजूला. तिसऱ्या रांगेतला इसम जाता जाता म्हणाला, "छान सेवा." नवव्या रांगेतले आजोबा तिच्याशी थांबून बोलले.

विमान रिकामं झाल्यावर तिने घटनेचा छापील अर्ज काढला आणि पुढच्या सीटवर बसून लिहू लागली. दरवाजा पुढचा डावा. उघडण्यापूर्वी आर्म स्थितीत आढळला. क्रॉसचेकमध्ये लक्षात आले. दुरुस्त केले. कुणाच्या नावापुढे एकही विशेषण नाही. 'घाईत' नाही, 'निष्काळजीपणे' तर नाहीच.

"हे लिहायलाच हवं का?" मी विचारलं. विचारल्यावर माझी मलाच लाज वाटली, पण विचारलं.

"तुम्हीच सांगितलं होतं, लिहायचं म्हणून."

"पुढच्या महिन्यात मला प्रशिक्षक करणार आहेत, ते अडकेल यावर."

"अडकेल," ती म्हणाली.

"आणि गुरुवारी? तिथे काढणार हे?"

तिने पेन थांबवलं. आता ती माझ्याशी अर्जाच्या भाषेत बोलली नाही. "तिथे कशाला काढू? माझ्या मुलीचा याच्याशी काय संबंध? तुमच्यासारखी वही घेऊन फिरत नाही मी." म्हणजे वही तिने पाहिली होती. तिने अर्ज माझ्याकडे सरकवला. "सही करा."

मी सही केली.

क्रू रूममध्ये आल्यावर मी कॉम्प्युटरवर बसले. पर्सरचा पासवर्ड टाकला, दोन वर्षांपूर्वीची ती तारीख टाकली. सगळं मिळून दोन मिनिटं लागली. तिच्या नावापुढे लिहिलं होतं: हजेरी पहाटे पाच. चार उड्डाणं. सुटका संध्याकाळी पाच वीस. दूध सांडलं अडीचला. साडेनऊ-दहा तास ओट्याच्या काठावर दूध उकळतं राहत नाही. पाच वीसला सुटून सहाला दवाखान्यात पोचायचं तर माणूस कपडे बदलत नाही, तोंड पुसत नाही, जशी आहे तशी धावते. ती युनिफॉर्ममध्ये आली होती हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. दोन वर्षं मी फक्त लिपस्टिक बघत बसले.

मी तो कागद छापून घेतला आणि दादाला फोन लावला.

"मिळालं का काही?" दादाने विचारलं.

"मिळालं. दार आर्म राहिलं होतं. माणूस मेला असता."

"अरे वा," दादा म्हणाला. मग सावरून म्हणाला, "म्हणजे वाईटच. पण लेखी आहे ना?"

"लेखी आहे. माझं दार होतं, दादा. तिने पकडलं."

दादा म्हणाला, "बरं, मग ते काही तिथे सांगायची गरज नाही."

"दादा, त्या दिवशी दूध कुणी तापवलं?"

"कुठल्या दिवशी?"

"तुला माहीत आहे कुठल्या."

"आता ते उकरून काय मिळणार आहे? पोरगी बरी झाली ना? हे बघ, तू माझी बहीण आहेस की तिची?"

"कुणी तापवलं?"

"भूक लागली म्हणून रडत होती," दादा म्हणाला. "मी फोनवर होतो. एक मिनिट फक्त. तुला मूल नाही, तुला काय कळणार."

मी फोन ठेवला. दादाचा राग नंतर आला. त्या वेळी मला आठवलं ते माझं त्याला तो मेसेज वाचून दाखवणं, आणि त्याचं हसणं. त्याला तेव्हा सगळं ठाऊक होतं. माझं काय, मला ठाऊक करून घ्यायचं नव्हतं.

क्रूची गाडी बाहेर उभी होती. ती पायरीवर एक पाय ठेवून बॅग आत ढकलत होती. मी धावत गेले.

"वहिनी," मी म्हणाले. दोन वर्षांत पहिल्यांदा. तिने मान वळवली. मी कागद पुढे केला. "त्या दिवसाचा रोस्टर आहे. पर्सरची सही करून दिलाय. गुरुवारी मी येणार आहे, आणि हेच सांगणार आहे. दादाने आत्ता फोनवर जे सांगितलं तेही."

तिने कागद घेतला. वरपासून खालपर्यंत वाचला, तारीख बघितली, माझी सही बघितली, मागची बाजूसुद्धा उलटून बघितली. मग नीट चार घड्या घालून युनिफॉर्मच्या आतल्या खिशात ठेवला. मला वाटलं आता ती रडेल, किंवा मला चार शब्द सुनावेल. मी दोन्हींची तयारी ठेवली होती. दोन्हींपैकी काहीही मला चाललं असतं.

तिने हनुवटी किंचित खाली घेतली, माझ्या डोळ्यांत बघितलं आणि हसली. स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी मी शिकवलं होतं तेवढंच, तितक्याच मापाचं.

"आपल्यासोबत काम करून आनंद झाला, मॅडम," ती म्हणाली, आणि गाडीत जाऊन मागच्या सीटवर बसली.

यावर द्यायचं उत्तरही परिपत्रकात आहे. मी गाडीच्या दाराशी उभी राहून ते आठवत होते, तोवर ड्रायव्हरने विचारलं, मॅडम, तुम्ही येताय का?